डोंगरावर एकटं जाणं: विविक्त देश म्हणजे नेमकं कुठे?



आजचं वाचन गीतेच्या १३व्या अध्यायातलं आहे, श्लोक १०. (ज्या प्रतींमध्ये सुरुवातीला अर्जुनाचा प्रश्न छापलेला असतो, तिथे हाच श्लोक ११वा येतो. तेव्हा आकडा जुळला नाही तर गोंधळू नका.) या अध्यायात भगवंत ज्ञान म्हणजे काय ते सांगतात, आणि गंमत बघा, सांगताना एकही सिद्धांत मांडत नाहीत. माणूस कसा वागतो तेवढंच सांगतात. नम्र असतो, दिखावा करत नाही, कोणाला दुखवत नाही, सरळ असतो, गुरूची सेवा करतो. अशी यादी चालू राहते आणि शेवटाकडे हा श्लोक येतो. त्याच्या पहिल्या अर्ध्यात अनन्य भक्ती आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात दोन गोष्टी आहेत: एकांताच्या जागी राहण्याची आवड, आणि माणसांच्या घोळक्यात मन न रमणं.

भक्ती आणि एकांत एकाच श्लोकात! आपण मात्र भक्ती म्हटलं की आधी माणसं मोजतो. सप्ताहाला किती आले, दिंडीत किती होते, लाइव्ह भजनाला किती जण जोडले गेले. आपला वारकरी पंथ तर लाखोंनी मिळून चालण्याचा. आमच्या विदर्भात नागपंचमीला पचमढीच्या नागद्वारची यात्रा असते. नागपूरकडून गाड्याच्या गाड्या भरून जातात, सातपुड्याच्या चढउतारांवर माणसामागे माणूस लागतो आणि डोंगर ‘हर हर महादेव’ने दणाणून जातो. माझ्या मामांनी ती यात्रा कितीदा केली असेल, त्याचा हिशोब त्यांनाही लागत नाही. त्या गर्दीला मी कधीच कमी लेखणार नाही. दमलेल्या अनोळखी माणसाला हात देऊन वर ओढून घेणं, ही तिथली पूजाच आहे.

मग हा श्लोक कोणासाठी? आमच्या वाचन गटातल्या एका दादाने मागे मला सरळ विचारलं, “तू महिन्यातून एकदा एकटीच डोंगरावर जाते, यात भक्ती कुठे आहे? हा तर छंद झाला ना?” प्रश्न चांगला आहे. आज त्यावरच लिहिते.

आधी शब्द नीट बघू. श्लोकातला शब्द ‘विविक्त’ आहे. संस्कृतमध्ये ‘विच्’ हा धातू वेगळं करण्यासाठी येतो, जसं सुपात पाखडून धान्य आणि भुसा वेगळा करतात. विविक्त म्हणजे वेगळं काढलेलं, मोकळं आणि म्हणून स्वच्छही. याच धातूपासून ‘विवेक’ आला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. एकांताची जागा आणि विवेक ही एकाच घरची दोन माणसं निघाली! तेव्हा जागा नुसती रिकामी असून भागत नाही. तिथे गेल्यावर काहीतरी पाखडलं गेलं पाहिजे.

दुसरा शब्द ‘अरति’. रती नसणं, म्हणजे गोडी न वाटणं. इथे ‘द्वेष’ हा शब्द नाही, आणि ही काही लहान गोष्ट नाही. १२व्या अध्यायात भगवंत आपल्या लाडक्या भक्ताची लक्षणं सांगायला बसतात तेव्हा पहिलंच लक्षण देतात की तो कोणत्याही प्राण्याचा द्वेष करत नाही. मग एका अध्यायानंतर ते माणसांचा तिरस्कार कसा शिकवतील? ‘लोक नकोत मला, सगळे खोटे’ असं म्हणत जो डोंगरावर जातो, तो या श्लोकाप्रमाणे चाललेला नाही. तो फक्त चिडलेला आहे. (चिडून गेलं तरी डोंगर हाकलून देत नाही, ते वेगळं.)

आता माउलींकडे येऊ, कारण खरी मेजवानी तिथे आहे. ज्ञानेश्वरीचा ६वा अध्याय काढा. ध्यानाला बसायची जागा कशी असावी, यावर गीतेत एक श्लोक आहे आणि तो म्हणतो इतकंच की जागा शुद्ध असावी. माउली त्याच्यावर ओव्यांमागून ओव्या लिहितात. जागा अशी हवी की सहज बसलेल्याला उठावंसं वाटू नये. देवधर्म न मानणारा कोणी वाटेने चालला असेल, तर त्यालाही वाटावं की इथे थोडं तप करून बघू. विलासात बुडालेला राजा आला, तर त्यालाही राज्य सोडून इथेच राहावंसं वाटावं. गोड मुळांची, सदा फळणारी झाडं असावीत. पाणी निर्मळ असावं. ऊन असावं पण सौम्य, वारा असावा पण मंद. शांतता असावी. पाण्याजवळ हंस चालतील, दोनचार सारस चालतील, एखादी कोकिळा कधी येऊन बसली तरी चालेल. आणि मोर? ते कायम नसावेत, पण अधूनमधून येऊन गेले तर आम्ही ‘नाही’ म्हणणार नाही, असं माउली म्हणतात.

ही मोरांची परवानगी मला फार आवडते. योगाचा एवढा कडक अध्याय चालू आहे, पाठीचा कणा, श्वास, दृष्टी सगळं पुढे येणार आहे, आणि त्याच्या दारातच हा कोवळ्या वयाचा योगी थांबून मोरांचा विचार करतो. म्हणजे जागा सुंदर असण्यात माउलींना काही वावगं वाटत नाही. डोळ्यांना, कानांना, अंगाला तिथे सुख होतं, आणि ते सुख साधनेच्या आड येत नाही. उलट तेच माणसाला धरून बसवतं. दादाचा प्रश्न होता ना, हा छंद आहे की भक्ती? माउलींच्या या ओव्या वाचल्यावर मला वाटतं की प्रश्नातला ‘की’च काढून टाकावा.

मी जाते ते रामटेकला. नागपूरहून साधारण ५० किलोमीटर, सकाळची एसटी पकडली की नऊच्या आत अंबाळ्याच्या तलावाशी. वर गडावर गाडीरस्ताही जातो, पण अंबाळ्याकडून पायऱ्यांची जुनी वाट आहे, मी तीच घेते. सह्याद्रीतल्या मंडळींना हा काय डोंगर, असं वाटेल. हरकत नाही. आम्हा नागपूरकरांचं असंच आहे, स्टेशनजवळच्या उंचवट्यावरच्या गणपतीलाही आम्ही ‘टेकडी’ म्हणतो आणि ‘टेकडीला जाऊन येतो’ असं अभिमानाने सांगतो. सपाट मुलखात जरासा चढ मिळाला तरी पायांना कळतं.

एकटं चढण्याचं सुख काय असतं, ते सांगायला बसलं की हातात फार काही येत नाही, इतकं ते बारीक असतं. पहिल्या शंभरेक पायऱ्या डोकं अजून ऑफिसातच असतं. कोणाला काय उत्तर द्यायचं राहिलं, शुक्रवारचं काम सोमवारी कसं निघेल. मग दम लागतो. दम लागला की मनाचं बोलणं तुटक होतं, कारण श्वासाला आधी जागा द्यावी लागते. सोबत कोणी असलं तर आपण इथे थांबतो आणि बोलायला लागतो, हसतो, फोटो काढतो. एकटं असलं की फक्त थांबतो. आणि तेव्हा कानांवर पहिली गोष्ट येते ती आपलीच धडधड. मग सागाच्या वाळक्या पानावरून सरडा गेल्याची खसखस. मग तांबटाची टुकटुक, ती तर मघापासून चालूच असते, आपल्यालाच ऐकू येत नसते.

पुन्हा चालायला लागलं की नाम आपोआप पायरीला लागतं. ‘राम’ला एक पाय, ‘कृष्ण’ला दुसरा, ‘हरी’ला पुन्हा पहिला. तीन शब्द आणि दोन पाय, त्यामुळे प्रत्येक फेरीला ‘राम’ वेगळ्या पायावर येतो. हे लक्षात आलं तेव्हा मी एकटीच हसले होते. वेग माझा असतो. एखाद्या पायरीवर मुंग्यांची रांग दिसली तर ती संपेपर्यंत बघायला कोणाची परवानगी लागत नाही. पौषात गेलं तर पिशवीत संत्री असतात. कठड्यावर बसून एक सोलायचं, दगड सकाळच्या उन्हाने नुकता तापायला लागलेला असतो, खाली तलावाभोवतीची देवळं दिसतात आणि दूर खिंडसीचं पाणी चकाकतं. (वानरांपासून संत्री सांभाळा. रामरायाची सेना आहे, हक्काने घेते.)

पण याच टेकडीवर एकटेपणाची दुसरी गोष्टही आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला, तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. काही अभ्यासक छत्तीसगडातल्या रामगढचं नाव घेतात, आम्ही मात्र मिराशींच्या बाजूचे. तो यक्ष तिथे का आला? कामात चूक झाली म्हणून कुबेराने त्याला एक वर्षाचा शाप दिला, घरापासून दूर राहण्याचा. नीट बघा, झाडं तीच, सावली तीच, आणि सीतेच्या स्नानाने पवित्र झालेलं पाणी जवळ आहे. माउलींनी सांगितलेली जवळजवळ सगळी सोय आहे. पण यक्षाला त्यातलं काही दिसत नाही. तो इतका झुरलाय की हातातलं सोन्याचं कडं गळून पडलं आहे. आठ महिने झाले, चार उरलेत, आणि त्याचं सगळं लक्ष अलकानगरीतल्या आपल्या घराकडे आहे. शेवटी तो ढगाबरोबर निरोप पाठवतो.

आपणही ‘क्लाउड’वरूनच निरोप पाठवतो, नाही का! गडावर पोचल्या पोचल्या रेंज आली का बघणारे मी रोज बघते असं नाही, पण जेव्हा जाते तेव्हा हमखास बघते. शरीर रामगिरीवर आणि जीव अलकेत. म्हणून म्हटलं, जागा रिकामी असून भागत नाही. एकाच टेकडीवर एकाला शिक्षा होते आणि दुसऱ्याला विसावा मिळतो.

तो दुसरा कोण? इथे आपल्या विदर्भाचं एक नाव घ्यायलाच हवं: चक्रधर स्वामी. महानुभाव परंपरा सांगते की गुजरातेतल्या भडोचहून ते घराबाहेर पडले तेच मुळी रामटेकच्या यात्रेला म्हणून. वाटेत ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली आणि सगळं आयुष्यच वळलं. पुढे सातपुड्याच्या कुशीतल्या सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी १२ वर्षं एकांतात काढली. सालबर्डी आज अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात, अगदी मध्य प्रदेशाच्या सीमेवर आहे. महाशिवरात्रीला तिथल्या गुहेतल्या महादेवाची यात्रा भरते, आमच्याकडचे बरेच जण जाऊन आलेले असतात.

त्यांच्या आठवणींचा ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. म्हाइंभटांनी १३व्या शतकात जमवलेला, मराठी गद्यातला आद्य ग्रंथ. त्याच्या पहिल्या भागाचं नावच ‘एकांक’ आहे, म्हणजे स्वामी एकटे हिंडत होते त्या काळाच्या लीळा. त्यातली एक लीळा बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. स्वामी रानात एका झाडाखाली बसलेले आहेत. शिकाऱ्यांची कुत्री मागे लागलेला एक ससा धावत येतो आणि त्यांच्या मांडीखाली शिरतो. शिकारी म्हणतात, आमचा ससा सोडा. स्वामी त्याला सोडत नाहीत, तो शरण आला आहे म्हणतात. शिकाऱ्यांशी शांतपणे बोलतात, आणि ससा वाचतो.

ही लीळा मी या श्लोकाशेजारी ठेवून वाचते. माणसांपासून लांब बसलेला माणूस, आणि सशाला त्याच्या मांडीखाली जागा आहे! एकांत किती मोठा असावा, तर दुसऱ्याचा जीव त्यात मावावा इतका. शिवाय ‘एकांक’मधल्या गोष्टी आपल्याला माहीत कशा झाल्या? तेव्हा सोबत लिहून ठेवायला कोणी नव्हतं. पुढे भक्तजनांत बसून स्वामींनीच त्या सांगितल्या, म्हणून. बारा वर्षांचा एकांत शेवटी माणसांच्या वाट्याला आला. महानुभावांच्या आचारधर्मात आजही ‘अटन’ आणि ‘विजन’ असे दोन शब्द आहेत. अटन म्हणजे हिंडणं, विजन म्हणजे निर्जन जागी जाऊन स्मरण करत बसणं. आपण ज्याला ‘सोलो ट्रेक’ म्हणतो, त्याला आमच्या मुलखात आठशे वर्षं जुना शब्द आहे!

तुकोबांचंही तसंच. भामचंद्राचा डोंगर, भंडाऱ्याचा डोंगर. ते तिथे जाऊन बसत, झाडावेलींना नातलग म्हणत, आणि खाली देहूत येऊन कीर्तनाला उभे राहत. वर गेलेच नसते तर खाली काय बोलले असते, कोण जाणे.

आता जे टाळत होते तेही लिहिते. माझी आजी दोन वर्षांपासून अंथरुणावर आहे. अर्धांगवायू झाला तेव्हापासून आई आणि मी तिचं सगळं करतो. तिची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. रात्रीची पाळी माझी, कारण आईची कंबर. महिन्यातल्या एका रविवारी मामी येऊन थांबते आणि मी रामटेकची एसटी पकडते. यावर घरात सगळे खूश आहेत असं नाही. एका नातेवाईक बाईंनी माझ्यादेखत आईला विचारलं, “घरी म्हातारी पडून आहे आन् ही एकटी डोंगरावर काहून जाऊन राहिली?” आई काही बोलली नाही. मीही नाही.

ते वाक्य माझ्यासोबत कितीतरी पायऱ्या चढलंय. त्यातला ‘एकटी’ हा शब्द जास्त बोचतो. माझा भाऊ मित्रांबरोबर चिखलदऱ्याला जातो तेव्हा कोणी काही विचारत नाही. संतांच्या गोष्टी वाचतानाही कधी कधी मनात येतं की डोंगर तुकोबांच्या वाट्याला आला, जनाबाईंच्या वाट्याला कुठे आला? त्या नामदेवांच्या घरच्या दासी. त्यांना पहाटेचं जातं मिळालं. आणि त्यांच्या अभंगांत विठ्ठल येतो तो तिथेच, दळू लागायला. सगळं घर झोपलेलं, जात्याची घरघर, बाहेर अंधार. तो विविक्त देश नव्हता तर काय होता? जनाबाईंनी जागा निवडली नव्हती, आहे त्याच जागेत पाखडणं चालू ठेवलं होतं.

म्हणून मी त्या बाईंच्या वाक्याला उत्तर शोधणं सोडून एक साधी गोष्ट बघायला लागले. रविवारी संध्याकाळी परत आल्यावर आजीच्या खोलीत माझे हात कसे असतात? ती बोलू शकत नाही, पण कूस बदलताना हात घाईचा असला की ती डोळे मिटून घेते, आणि निवांत असला की बघत राहते. एसटीत बसताना मला कधी कधी नुसती सुटका वाटते. वाटू दे. सुटका वाटण्यात द्वेष नाही. पण परतल्यावर ती डोळे मिटते की बघते, ते मी बघते. अजून तरी रविवारी रात्री ती बघत असते. बुधवार-गुरुवारपर्यंत ते टिकतं. पुढचे दिवस रात्री तीनच्या पाळीला, ती पुन्हा झोपेपर्यंत, खिडकीशी उभी राहून मी मनात अंबाळ्याच्या पायऱ्या चढते. राम, कृष्ण, हरी. पायरी मोजत नाही, कुठला पाय तेवढं बघते. कधी मध्येच ती कण्हते आणि मी कठड्यापर्यंत पोचतच नाही.

ज्यांना जावंसं वाटतंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. एकटं जायचं तर उजेडी जा, घरी सांगून जा, परतायची एसटी आधी बघून ठेवा. रामटेकला पायऱ्यांचीच वाट धरा, तिच्यावर भाविकांची ये-जा असते. बाजूच्या रानात शिरू नका. हा पेंचजवळचा मुलूख आहे, आणि वाघाच्या जंगलात एकटं घुसणं ही भक्ती नाही, आईबापाच्या जिवाला घोर आहे. मैत्रिणींनो, पहिल्यांदा जाताना कोणाला तरी सोबत न्या आणि ठरवून वेगवेगळं चढा, वर भेटा. मीही सुरुवात तशीच केली होती. पाणी भरपूर घ्या. चैत्र-वैशाखात नागपुरी उन्हात जाऊ नका, माउलींनी ऊन सौम्य म्हटलंय! वर गेल्यावर मंदिरात दर्शन झालं की लगेच उतरू नका. अर्धा तास कठड्यावर बसा. फोन पिशवीत खाली, संत्र्यांच्याही खाली ठेवा.

ज्यांना जाता येत नाही, घरात कोणी आजारी आहे, लेकरू लहान आहे, सुट्टीच नाही, त्यांनी आज ६व्या अध्यायातल्या त्या जागेच्या ओव्या मोठ्याने वाचा. घाई न करता, मोरांपर्यंत. त्याला पाच-सात मिनिटं लागतात.

उद्या याच अध्यायातला पुढचा श्लोक घेऊ. राम कृष्ण हरी.